वाट कुणाच्या पायांची?

शेंदूरजनाघाट हे आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. वऱ्हाडात शेंदूरजना नावाची आणखीही गावे आहेत. त्यांच्यापासून आमचे गाव वेगळे ओळखू यावे म्हणून जो शब्द त्याच्या नावाला जोडला गेला, तो ‘घाट’. घाट म्हणजे डोंगर चढून जाणारी वाट. एखाद्या गावाने आपली ओळख देवळावरून, किल्ल्यावरून वा बाजारावरून न सांगता वाटेवरून सांगावी, ही गोष्ट मला फार वर्षे साधी वाटत आली. निवृत्तीनंतर त्या वाटेने रोज चालू लागलो तेव्हा ती तितकीशी साधी नसल्याचे ध्यानात आले.

या त्रैमासिकाचे बहुसंख्य वाचक समुद्रकाठचे आहेत. त्यांना आमचा मुलूख कोरडा आणि दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु समुद्राशी आमचे नाते अगदीच नाही असे नव्हे. आमच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पठारावर मुलताई आहे. तेथे तापी उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. त्याच परिसरात वर्धा नदीही उगम पावते. ती दक्षिणेकडे वळते, पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, गोदावरीत जाते आणि बंगालच्या उपसागराला पोहोचते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब कोणत्या उतारावर पडले एवढ्यावरून दोन वेगळ्या समुद्रांकडे निघतात. पलीकडे अकोल्याच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी समुद्रापासून शेकडो मैल दूर असूनही खारट लागते. तेव्हा किनाऱ्यावरच्या वाटांविषयी डोंगरातल्या माणसाने दोन शब्द लिहिले, तर वाचक ते अनाठायी मानणार नाहीत अशी आशा आहे.

प्रश्न असा आहे : जो माणूस केवळ आनंदासाठी चालतो, त्याचा वाटेवर हक्क कोणता? आणि असलाच, तर त्या हक्काच्या पोटी त्याच्यावर कोणते कर्तव्य येते?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. तो एका फाटकापाशी सुचला.

गावाच्या उत्तरेला संत्र्यांचे बगीचे संपतात आणि रान सुरू होते, तेथे एक जुनी पायवाट आहे. दोन बगीच्यांच्या मधल्या धुऱ्याने ती जाते आणि पुढे साग, सालई, मोह, पळस यांच्या विरळ जंगलात शिरते. काही वर्षांपूर्वी एका बगीचेवाल्याने त्या तोंडाशी तारेचे कुंपण घातले आणि लोखंडी फाटक बसविले. बगीचेवाल्याची बाजूही समजून घेण्याजोगी होती. ज्या भागाला लोक कौतुकाने विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणतात, तेथील शेतकऱ्याला आंबिया बहार हाती येईपर्यंत झोप नसते. विहिरी खोल खोल जात चालल्या आहेत, आणि तोंडाशी आलेले फळ चोरीला गेले की वर्षाचे गणित बिघडते. मी पहिल्या दिवशी फाटकापाशी थबकलो. रखवालदाराने मला पाहिले, लगबगीने कुलूप काढले आणि म्हणाला, “या गुरुजी, तुमाले कोन अडवते?” मी आत गेलो. माझ्या मागोमाग डोईवर चुंबळ आणि हाती कोयता घेतलेली एक बाई येत होती. तिच्यासमोर फाटक लागले.

मी वळून पाहिले. रखवालदार मला समजावणीच्या सुरात म्हणाला, “तुमी दोन पायांनं येता अन् दोन पायांनं जाता. तिले सोडलं, त उद्या दहा जनी येतीन.” बाई काही बोलली नाही. ती कुंपणाच्या कडेकडेने चालू लागली. नाल्याला वळसा घालून रानात जायचे तर तिला निदान अर्धा तास जास्त लागणार होता. आणि परतताना डोक्यावर मोळी असणार होती. मी काय केले? मी माझ्या वाटेने पुढे गेलो. हवा छान होती. त्या दिवशी नव्हे, त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या फाटकातून गेलो.

पुढे एकदा तीच बाई नाल्यापाशी विसावा घेताना भेटली. मी ओशाळून म्हणालो, “मावशी, तुम्हांला फार फेरा पडतो.” ती हसली. म्हणाली, “तुमचं काय गुरुजी, तुमी हवा खायले जाता. आमाले चूल पेटवा लागते.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने फक्त दोन प्रकारच्या चालण्यांतील फरक सांगितला होता, आणि तो मी तीस वर्षे शाळेत शिकवूनही इतक्या नेमक्या शब्दांत सांगू शकलो नसतो.

वस्तुतः डोंगरातली वा किनाऱ्यावरची कोणतीही जुनी वाट आनंदासाठी चालणाऱ्यांनी घडविलेली नाही. ती गुराख्यांनी घडविली, मोळीविक्यांनी घडविली, बाजारहाट करणाऱ्यांनी आणि माहेरी जाणाऱ्या लेकींनी घडविली. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीला महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे डोंगर चढत आली आहेत. कोकणातही तेच दिसते. रत्नागिरी वा देवगडच्या बाजूला जांभ्या दगडाच्या सड्यावरून जी वाट खाली उतरते, ती पुळणीवर येते, खडपाला वळसा घालते आणि खाडीपाशी तरीच्या धक्क्यावर थांबते. तिचे प्रत्येक वळण कामाने ठरविलेले असते. ओहोटीला कोठून पार होता येईल, मासळीची पाटी घेऊन कोणत्या चढावर दम कमी लागेल, हे पायांना ठाऊक होते म्हणून ती वाट तेथे आहे. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर आज हजारो लोक ज्या कड्यांवरून हौसेने पदयात्रा करतात, ती वाटदेखील मूळची चोरटा माल उतरविणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या तटरक्षकांच्या गस्तीची होती. प्रत्येक खाच, प्रत्येक खोबण त्यांना डोळ्यांखाली घालावी लागे. म्हणून ती वाट समुद्राला इतकी चिकटून जाते. आज आपल्याला ती रमणीय वाटते. त्या काळी ती नोकरी होती.

अशा वाटांवर आपण मागाहून येतो, आणि मागाहून येणाऱ्याच्या हातून एक सूक्ष्म अपराध नकळत घडतो. तो म्हणजे ‘शोध लावणे’. चिखलदऱ्याचा शोध १८२३ मध्ये एका इंग्रज कप्तानाने लावला असे सांगितले जाते. परंतु त्याच्या शेजारीच गाविलगडाचा किल्ला शतकानुशतके उभा आहे. १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेने तो लढून घेतला होता. आणि त्या साऱ्या रानात कोरकू लोक कधीपासून नांदत होते. मग शोध लागला म्हणजे नेमके काय झाले? ज्याला थंड हवा हवी होती त्याला ती सापडली, इतकेच.

अर्थात मागाहून येणाऱ्याचे डोळे सर्वस्वी निरुपयोगी असतात असेही नाही. २००७ साली डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना आमच्याच सातपुड्यात, मोर्शीच्या उत्तरेला धारूळजवळच्या अंबादेवी परिसरात प्राचीन शैलचित्रे आढळली. कोकणात सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगावचे सडे पायी तुडवून कातळशिल्पांची नोंद केली. २०२२ साली ती शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. ही माणसे पोटासाठी चालत नव्हती. त्यांच्या हौशी चालण्याने साऱ्या समाजाचे धन वाढले. मात्र कोकणातल्या त्या सड्यांवरून गुरे नेणाऱ्यांना कातळावरच्या कित्येक आकृती आधीपासून माहीत होत्या, आणि त्यांना विचारत विचारतच हा शोध पुढे गेला. ज्या शोधात आधीच्या माणसाला विचारले जाते, तो शोध अपराध ठरत नाही. त्याला भेट म्हणावे.

आता हक्काकडे वळू. पाश्चात्त्य देशांत आनंदासाठी चालण्याचा हक्क लोकांनी झगडून मिळविला आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर व परिसरातील सुमारे चारशे तरुण, त्यांत बरेचसे कामगार, किंडर स्काउट नावाच्या माळावर मालकाची बंदी मोडून चढले. तो माळ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला होता. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील डोंगर-माळ पादचाऱ्यांना खुले झाले, आणि २००९ च्या कायद्याने इंग्लंडच्या संपूर्ण किनाऱ्यालगत सुमारे ४,३०० किलोमीटरच्या सलग पायवाटेचा पाया घातला. या कायद्यातील एक तरतूद मला विशेष अर्थपूर्ण वाटते : समुद्राने कडा ढासळला तर वाट मागे सरकवता येते. म्हणजे तेथे हक्क मातीच्या एखाद्या पट्ट्यावर नाही. हक्क आहे तो जाण्यावर.

यावरून असे मुळीच समजू नये की आनंदासाठी चालणे ही श्रीमंतांची चैन आहे. किंडर स्काउटवर चढलेल्यांत आठवडाभर राबणारे लोक होते. रविवारचा एक दिवस मोकळ्या हवेत काढणे ही त्यांच्या शरीराची आणि मनाची गरज होती. विसावा हा कष्टाचाच दुसरा अर्धा भाग आहे. तेव्हा ‘गरज पवित्र आणि आनंद पापमय’ अशी सोपी वाटणी करून आपली सुटका होणार नाही. ती मोळीविकी बाईदेखील नाल्याकाठी बसून पळसाच्या फुलांकडे पाहत नसेल, असे मी कशावरून म्हणावे?

आपल्याकडचा कायदा मात्र वेगळ्या दिशेने विचार करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ अन्वये शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याची वाट मागता येते व तहसीलदार तिचा निर्णय देतो. मामलेदार न्यायालय अधिनियम तर १९०६ सालचा. शेतीकडे वा चराईकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेवर कुणी अडथळा घातला, तर तो दूर करण्याचा अधिकार या कायद्याने तहसीलदाराला दिला आहे. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. म्हणजे इंग्लंडचा नवा कायदा हौसेने चालणाऱ्याला ओळखतो, तर आपला जुना कायदा कामासाठी चालणाऱ्याला. मला आपल्या कायद्याचा अभिमान वाटला. मग त्या बाईची आठवण झाली, आणि अभिमान ओसरला. कारण कायदा तिला पहिला प्रश्न विचारणार : तुझे शेत कोठे आहे? तिला शेत नाही. ज्याच्यापाशी जमिनीचा तुकडा आहे त्याला वाट आहे. जिच्यापाशी फक्त पाय आहेत, तिच्यासाठी रकाना नाही. आणि ज्याच्यापाशी शेत नाही आणि कामही नाही, अशा मला मात्र कायद्याची गरजच पडली नाही. माझ्या पांढऱ्या सदऱ्याने आणि गुरुजी या शब्दाने फाटक उघडले होते.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मोळी तोडणारी बाई रानाचे नुकसान करते. फिरायला जाणारा गुरुजी करीत नाही. तेव्हा फाटकाने केलेला भेद योग्यच नव्हे काय? हाच युक्तिवाद मोठ्या प्रमाणावर मेळघाटात मांडला गेला. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. या शतकाच्या आरंभापासून तेथील गाभ्यातली गावे एकामागून एक बाहेर वसविली गेली. बोरी, कोहा, कुंड ही त्यांतली आरंभीची. स्वेच्छेने उठणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आधी दहा लाख, आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याची तरतूद झाली. दुसरीकडे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात पर्यटनासाठी परवाना मिळू शकतो. ज्याचे आजे-पणजे त्या वाटेने चालले तो बाहेर, आणि ज्याने कालच परवाना काढला तो आत, असे हे चित्र दिसते.

तरीही मी वाघाच्या बाजूचे म्हणणे हलके लेखत नाही. वाघालाही वाट हवी असते, आणि ती माणसांच्या वर्दळीने तुटते. रोज पडणाऱ्या कुऱ्हाडीखाली रान विरळ होत जाते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या कारणासाठी एकाला थांबवायचे, त्याच कारणासाठी दुसऱ्यालाही थांबविले, तर त्याला न्याय म्हणता येईल. ‘रानाला विश्रांती हवी’ असे ठरले तर गुरुजीनेही घरी बसावे, गाड्यांचे ताफेही थांबावेत. परंतु रानाच्या नावाने जेव्हा केवळ गरिबाची वाट बंद होते आणि पैशाची वा प्रतिष्ठेची वाट खुली राहते, तेव्हा तेथे राखले जात असते ते रान नव्हे. राखली जाते ती ऐपत असलेल्याची सोय. शिवाय मोळी आणणाऱ्या बाईचे नुकसान आपल्याला दिसते, कारण ते तिच्या डोक्यावर असते. माझ्या घरी सागवानी पलंग आहे. तो कोणत्या डोंगरातून आला, हे मी कधी विचारले नाही.

या साऱ्या विचारातून मी ज्या निष्कर्षाप्रत आलो, तो थोडक्यात मांडतो. वाट ही आधी चालून गेलेल्या अनामिक पायांनी दिलेली देणगी आहे. जो गरजेपोटी चालतो, तो त्या पायांचा वारस आहे. कारण त्याच्या रोजच्या येण्याजाण्यानेच वाट जिवंत राहते. चार पावसाळे कुणी फिरकले नाही तर रान ती गिळून टाकते. जो आनंदासाठी चालतो, तो पाहुणा आहे. पाहुणा असणे हीनपणाचे नाही. आपल्या संस्कृतीत पाहुण्याचा मान मोठा आहे. पण पाहुण्याला मर्यादाही असतात. त्याने विचारून यावे. त्याने येताना जे आणले ते, आपला कचरा आणि आपला गलबला, मागे टाकून जाऊ नये. आणि तिसरी गोष्ट, जी सर्वांत अवघड : यजमानावर दार बंद होत असेल, तर त्याने एकट्याने त्या दाराने आत जाऊ नये.

पहिल्या दोन मर्यादा मी नेहमी पाळल्या, आणि त्या पाळतो याचे मला समाधानही होते. मी रानात कधी कागदाचा कपटा टाकला नाही, बगीच्यातले एक संत्रे कधी तोडले नाही. तिसरी मात्र पहिल्याच दिवशी मोडली, आणि ती मोडली आहे हे कळायला मला एका अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईचे एक वाक्य लागले. आपल्या हातून घडणारे अन्याय पुष्कळदा असेच घडतात. आपण कुणाला ढकलत नाही, कुणाचे हिरावून घेत नाही. फक्त आपल्यासाठी उघडलेल्या दारातून, मागे न पाहता, आत जातो.

वाचक विचारतील, पुढे काय झाले? सांगण्यासारखे फार थोडे आहे. एके सकाळी मी फाटकापाशी गेलो आणि रखवालदाराने कुलूप काढले तेव्हा म्हणालो, “बापू, आज मी फेऱ्यानंच जातो.” तो गोंधळला. तिसऱ्या दिवशी बगीचेवाले स्वतः घरी आले. “गुरुजी, आमचं काही चुकलं काय?” असे त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले की, चुकले माझे आहे. बराच वेळ आम्ही बोललो. त्यांनी चोरीच्या गोष्टी सांगितल्या. त्या खऱ्या होत्या. मी त्या बाईच्या अर्ध्या तासाची गोष्ट सांगितली. तीही खरी होती. शेवटी असे ठरले की, फळे झाडावर नसतील त्या महिन्यांत धुऱ्यावरची वाट सर्वांना खुली राहील, आणि फळे असतील तेव्हा कुणालाच नाही.

त्यामुळे हल्ली बहाराच्या दिवसांत मीही नाल्याला वळसा घालून जातो. गुडघे कुरकुरतात. तो अर्धा तास मोठा असतो, आणि माझ्या डोक्यावर मोळीही नसते. परवा त्या वळणावर ती बाई समोरून येताना दिसली. वाट तेथे अरुंद आहे. एकालाच जाता येते. मी बाजूच्या दगडावर चढून उभा राहिलो, आणि तिला आधी जाऊ दिले.